शाकाहारी कुटुंब आणि आयोडीनचा हिशेब

मुंबई उपनगर जिल्ह्यात गोरेगाव व मालाडच्या पूर्वेला, टेकडीच्या उतारावर दिंडोशी वसले आहे. एका अंगाला पश्चिम द्रुतगती महामार्ग, तर दुसऱ्या अंगाला आरे दुग्ध वसाहत आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान. नागरी निवाऱ्याच्या इमारतींत आणि आजूबाजूच्या चाळींत कोकणातून, घाटावरून, खानदेश-मराठवाड्यातून आलेली कितीतरी कुटुंबे राहतात. गावाकडून तांदूळ, कुळीथ, बाजरी, कोकम यांच्या पिशव्या एस.टी.ने अजूनही येतात. घरच्या शेतातले धान्य, आरेच्या बाजूचे दूध, बाजारातली ताजी भाजी असा चौरस आहार असताना कशाची कमतरता पडेल, असे कोणासही वाटेल.

तरीही एक घटक असा आहे, की जो या धान्यात, डाळीत व भाजीत जवळजवळ नसतो. तो म्हणजे आयोडीन. मासे खाणाऱ्या घरात तो समुद्रातील मासळीतून थोडाफार मिळतो. माळकरी, जैन किंवा अन्य कारणाने पूर्ण शाकाहारी असलेल्या घरात मात्र त्याचा जवळजवळ सर्व भार मिठाच्या पुडीवर असतो. अलीकडे उपनगरांत दूध-दहीही वर्ज्य करणारी तरुण मंडळी दिसू लागली आहेत, त्यांच्या बाबतीत तर हा भार पूर्णच मिठावर येतो. गावाकडील शेतकरी कुटुंबाची स्थितीही यापेक्षा फार वेगळी नाही, म्हणून दिंडोशीच्या स्वयंपाकघराचा हिशेब येथे मांडला आहे.

आयोडीन कशासाठी लागते?

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. तिला मराठीत अवटू ग्रंथी असेही म्हणतात. ही ग्रंथी आयोडीनपासून थायरॉक्सिन हा स्राव तयार करते. शरीराची वाढ, मेंदूची घडण, शरीरातील उष्णता आणि काम करण्याची शक्ती या साऱ्यांवर या स्रावाचे नियंत्रण असते. आयोडीन कमी पडले, की ग्रंथी जास्त काम करून तूट भरून काढण्याचा प्रयत्न करते व त्यामुळे आकाराने वाढते. यालाच गलगंड म्हणतात.

गलगंड डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. परंतु खरे नुकसान न दिसणारे आहे. गरोदरपणात आईला आयोडीन कमी पडल्यास गर्भपात होणे, मूल मृत जन्मणे, मूकबधिरपणा, खुजेपणा आणि मतिमंदत्व असे परिणाम संभवतात. तूट सौम्य असली तरी मुलाची आकलनशक्ती काही प्रमाणात कमी राहू शकते. अशा मुलाला पाहून कोणी आजारी म्हणणार नाही, शाळेत मागे पडतो एवढेच म्हटले जाईल. मेंदूची ही हानी पुढे औषधाने भरून निघत नाही.

गरज तशी अत्यल्प आहे. प्रौढ माणसास दररोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना १२०, त्याहून लहान मुलांना ९०, तर गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातेस २५० मायक्रोग्रॅम लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. सत्तर वर्षांच्या आयुष्यात एका माणसाला लागणारे सारे आयोडीन एकत्र केले, तरी ते चार ग्रॅमसुद्धा भरणार नाही. पण ते एकदम खाऊन साठवता येत नाही. शरीरातला साठा काही महिनेच पुरतो, म्हणून थोडे थोडे रोजच्या रोज पोटात जावे लागते.

पिकाला लागत नाही, म्हणून शेतात कळत नाही

भाताला जस्त कमी पडले, तर पानावर तांबूस ठिपके पडून खैरा रोग दिसतो. नत्र कमी पडले, तर पीक पिवळे पडते. शेतकरी ही चिन्हे ओळखतो आणि उपाय करतो. आयोडीनचे तसे नाही. पिकाच्या वाढीला ते आवश्यक नसल्याने जमिनीत आयोडीन नसले तरी पीक हिरवेगार येते, उतारा भरपूर मिळतो, दाणाही टपोरा भरतो. त्या दाण्यात आयोडीन नाही हे ना शेतकऱ्याला कळते, ना गिऱ्हाइकाला. सेंद्रिय पद्धतीने पिकवलेल्या धान्यालाही हेच लागू आहे. शेणखतातून पिकाला बरेच काही मिळते, पण ज्या जमिनीत व चाऱ्यात आयोडीन नाही तेथल्या शेणात ते येणार कुठून?

पृथ्वीवरील बहुतेक आयोडीन समुद्रात आहे. हजारो वर्षांच्या पावसाने, पुराने आणि धुपीने जमिनीतले आयोडीन वाहून समुद्राला मिळाले. हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. पण ही तूट डोंगराळ भागापुरती मर्यादित आहे असे समजणे बरोबर नाही. देशात पाहणी झालेल्या ४०० हून अधिक जिल्ह्यांपैकी ३०० हून अधिक जिल्ह्यांत गलगंडाचे प्रमाण चिंता करण्याइतके आढळले आणि एकही राज्य त्यातून सुटलेले नाही. समुद्रकाठच्या जिल्ह्यांतही तूट आढळलेली आहे. खारा वारा अंगावर घेतल्याने आयोडीनची गरज भागत नाही. मुंबईला पिण्याचे पाणी पावसावर भरणाऱ्या तलावांतून येते, त्यातही आयोडीन फार कमी असते.

जमिनीला आयोडीन देऊन पाहण्याचा एक प्रयोग मात्र शेतकऱ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. चीनमधील शिंजियांग प्रांतात होतान हा वाळवंटी भाग आहे. तेथे मीठ आयोडीनयुक्त करून घरोघर पोहोचवण्यात अडचणी होत्या. तेव्हा १९९२ पासून कालव्याच्या पाण्यात पोटॅशियम आयोडेटचे द्रावण थेंब थेंब सोडण्यात आले. त्यामुळे जमीन, पीक, जनावरे आणि शेवटी माणसे अशा प्रत्येक पायरीवर आयोडीन वाढल्याचे दिसले, आणि त्या भागात बालमृत्यूही कमी झाल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंढ्यांनाही त्याचा फायदा झाला. कालव्यावर अवलंबून असलेल्या कोरड्या मुलखात हे जमले. दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या कोकणात पाण्याबरोबर सोडलेले आयोडीन पुन्हा समुद्रालाच जाऊन मिळण्याची शक्यता अधिक. गहू व भात पिकांवर फवारणीतून आयोडीन देऊन दाण्यातील प्रमाण वाढवता येते असे प्रयोगांत दिसले आहे, परंतु त्याची शिफारस घेऊन शेतकऱ्याने खर्च करावा अशी आज स्थिती नाही. मिठाचा मार्ग त्याहून कितीतरी स्वस्त आहे.

मिठागरातल्या मिठात आयोडीन असते का?

समुद्राचे पाणी आटवून मीठ तयार होते, मग समुद्रातले आयोडीन त्यात असणारच, असा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. उपनगराला मिठागरे नवीन नाहीत. दिंडोशीच्या टेकडीपलीकडे भांडुप-मुलुंडच्या खाडीकाठी, उत्तरेला भाईंदरला आणि पलीकडे उरण-पेणच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवले गेले. आगर हा शब्द तर एका मोठ्या समाजाच्या नावातच आहे. त्यामुळे आगरातले जाडे, करडे मीठ 'अस्सल' आणि पुडीतले पांढरे मीठ 'कारखान्याचे' अशी भावना असणे समजू शकते.

पण हिशेब करून पाहावा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात आयोडीन असते सुमारे ६० मायक्रोग्रॅम, आणि क्षार असतात सुमारे ३५ ग्रॅम. पाणी आटताना सगळेच्या सगळे आयोडीन क्षारात उतरले असे धरले, तरी एका ग्रॅम मिठाला दोन मायक्रोग्रॅमसुद्धा येत नाही. दिवसाला दहा ग्रॅम मीठ खाल्ले तर सतरा मायक्रोग्रॅम, म्हणजे गरजेच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढे. प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाही, कारण मिठाचे खडे जमले की आयोडीनचा मोठा भाग खाली उरणाऱ्या कडवट पाण्यात राहतो आणि ते पाणी फेकून दिले जाते. तेव्हा मिठात आयोडीन हवे असेल, तर ते वेगळे घालावेच लागते.

आपल्याकडे त्यासाठी पोटॅशियम आयोडेट वापरतात. काही देशांत पोटॅशियम आयोडाइड वापरतात, पण ते दमट हवेत लवकर उडून जाते. आपल्या हवामानात व आपल्या ओलसर मिठात आयोडेट अधिक टिकते.

कांगड्यापासून आजपर्यंत

आयोडीनयुक्त मीठ ही आधी परदेशातून आलेली कल्पना. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ मध्ये आणि अमेरिकेच्या मिशिगन राज्यात १९२४ मध्ये असे मीठ विक्रीस आले. आपल्याकडे त्याची पारख हिमाचलातील कांगडा खोऱ्यात झाली. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून खोऱ्याचे तीन भाग केले. एका भागाला आयोडाइड घातलेले मीठ, दुसऱ्याला साधे मीठ आणि तिसऱ्याला आयोडेट घातलेले मीठ दिले. काही वर्षांत पहिल्या व तिसऱ्या भागातील शाळकरी मुलांचा गलगंड निम्म्यावर आला. पुढे साध्या मिठाच्या भागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. शेतावर नियंत्रित प्लॉट ठेवून खताची चाचणी घेतो, तशीच ही चाचणी होती.

त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गलगंडापेक्षा व्यापक परिणाम ध्यानात आल्यावर १९९२ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले. साध्या खाद्य मिठाच्या विक्रीवर केंद्र सरकारने १९९८ मध्ये देशभर बंदी घातली, ती २००० मध्ये उठवली आणि मे २००६ पासून पुन्हा लागू केली. या धरसोडीमागे मोठा वाद होता. ज्या देशाने १९३० मध्ये मिठासाठी सत्याग्रह केला, ज्या मुलखात शिरोड्याला आणि वडाळ्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तेथे मिठावर सक्ती नको, लहान आगरवाल्याचे पोट मारू नये, असे म्हणणारे लोक प्रामाणिकच होते. लहान उत्पादकाच्या अडचणी खऱ्या होत्या व आहेत. पण त्यांचा उपाय म्हणजे मिठागरावर आयोडेट फवारण्याची सोय करून देणे, गर्भवतीला साधे मीठ खायला घालणे नव्हे, असे आमचे मत आहे.

आज खाण्यासाठी विकले जाणारे मीठ ग्राहकाच्या हातात पडते तेव्हा त्यात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असले पाहिजे. म्हणजे एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. २०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत सुमारे ७६ टक्के घरांतील मीठ या कसोटीस उतरले. याचा अर्थ दर चार घरांपैकी एका घरात मीठ कमी पडते. जनावरांसाठी, मासळी-कातडी टिकवण्यासाठी व कारखान्यांसाठी साधे मीठ विकण्यास मुभा आहे. हेच जाडे मीठ स्वस्त म्हणून स्वयंपाकघरात शिरते.

पुडीवरून हिशेब कसा करावा?

आपल्या घरात आयोडीन पुरते की नाही, हे ढोबळमानाने पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मिठाची एक किलोची पुडी किती दिवस पुरते एवढे लक्षात ठेवावे.

समजा, दिंडोशीतील चार मोठ्या माणसांच्या घरात एक किलो मीठ महिनाभर जाते. म्हणजे माणशी रोज साधारण आठ ग्रॅम. मिठात ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असेल, तर माणशी १२५ मायक्रोग्रॅमच्या आसपास होते. शिजवताना सुमारे पाचवा हिस्सा जातो असे धरतात. उरले १००. म्हणजे कायद्याच्या किमान मर्यादेवरचे मीठ खाणाऱ्या घरातही थोडी तूट राहते, आणि ती दूध-दह्याने भरून निघावी अशी अपेक्षा असते. मीठ ताजे, चांगले आणि ग्रॅमला ३० मायक्रोग्रॅमचे असेल, तर शिजवून २०० मायक्रोग्रॅम हाती येते व चिंता राहत नाही.

आता त्याच घरात आजोबांना रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आणि सगळ्यांचाच स्वयंपाक अळणी होऊ लागला. पुडी दोन महिने पुरू लागली. मिठाचे प्रमाण माणशी चार ग्रॅमवर आले. आरोग्याच्या दृष्टीने हे उत्तम आहे, कारण दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पण १५ मायक्रोग्रॅमच्या मिठातून आता माणशी अवघे ५० आयोडीन मिळते, आणि ३० च्या मिठातून १००. तेव्हा मीठ जितके कमी खायचे, तितके ते खात्रीचे, नव्या तारखेचे व नीट ठेवलेले असले पाहिजे. कमी आयोडीन मिळते म्हणून मीठ वाढवणे हा मात्र उलटा मार्ग झाला, तो कोणीही धरू नये.

या हिशेबात एक गळती आहे. फरसाण, पापड, लोणचे, वडापाव, पाव-बिस्किटे यांतून बरेच मीठ पोटात जाते, पण त्यात कोणते मीठ घातले हे खाणाऱ्याला कळत नाही. ते आयोडीनच्या खात्यात धरू नये. घरचे लोणचे व सांडगे आयोडीनयुक्त मिठात करण्यास हरकत नाही. रंग वा टिकाऊपणा बिघडतो ही भीती अनाठायी आहे.

शेंदेलोणाचा प्रश्न

उपवासाला साधे मीठ चालत नाही म्हणून शेंदेलोण वापरण्याची पद्धत जुनी आहे. एकादशी-चतुर्थीपुरते ते वापरल्याने काहीच बिघडत नाही. अलीकडे मात्र 'नैसर्गिक' म्हणून शेंदेलोण किंवा गुलाबी मीठ रोजच्या आमटी-भाजीत घालण्याची टूम निघाली आहे. खाणीतल्या या मिठात आयोडीन नगण्य असते. पादेलोणाचेही तेच. काही उत्पादक शेंदेलोणातही आयोडीन घालतात, पण तसे पुडीवर लिहिलेले असेल तरच ते खरे मानावे. किंमत तिप्पट-चौपट मोजून आयोडीन गमवायचे, हा व्यवहार कोणत्याही दृष्टीने पटणारा नाही.

अळणी जेवण, रोजचे शेंदेलोण आणि दूध बंद, या तीन गोष्टी प्रत्येकी चांगल्या हेतूने केल्या जातात. तिन्ही एकाच ताटात आल्या, तर त्या माणसाला आयोडीन मिळण्याचा मार्गच उरत नाही. सोयाबीनचे दूध, बदामाचे दूध, नारळाचे दूध यांत वरून आयोडीन घातलेले नसेल, तर ते असत नाही. गाई-म्हशीच्या दुधाची जागा ती या बाबतीत घेऊ शकत नाहीत.

घरात सून किंवा लेक गरोदर असेल

सर्वांत जास्त काळजी येथे घ्यायची आहे. गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी सुरुवातीचे काही महिने काम करत नाही. तोपर्यंत मेंदूची घडण सर्वस्वी आईच्या थायरॉक्सिनवर चालते. गरोदर असल्याचे कळेपर्यंतच यातील महिना-दीड महिना निघून गेलेला असतो. म्हणून लग्न झाले, की घरातले मीठ बदलावे. दिवस राहण्याची वाट पाहू नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रातून वा महापालिकेच्या दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत लोह व फॉलिक आम्ल असते, आयोडीन नसते. दूध न घेणाऱ्या, मीठ कमी खाणाऱ्या गर्भवतीने ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी. गरज वाटल्यास ते रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन असलेली गोळी लिहून देतात. ज्या स्त्रीला आधीच थायरॉईडचा विकार आहे, तिने अशी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. पायावर सूज आली म्हणून मीठ तोडण्याची सवय घराघरांत आहे. मीठ किती कमी करायचे हे डॉक्टरांनी ठरवावे, आणि जे उरेल ते आयोडीनयुक्तच असावे.

बाळ झाल्यावर आईच्या दुधातूनच बाळाला आयोडीन मिळते, म्हणून अंगावर पाजणे चालू असेपर्यंत हीच काळजी चालू ठेवावी.

कोबी आणि बाजरी सोडावी का?

सोडू नये. कोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा, मोहरी या वर्गातील भाज्यांत थायरॉईडला आयोडीन घेण्यास अडथळा करणारी द्रव्ये असतात हे खरे. शिजवल्याने त्यांचा जोर बराच कमी होतो. आयोडीन पुरेसे असलेल्या माणसाने आठवड्यातून तीन-चार वेळा कोबी खाल्ली तरी काही होत नाही. कच्च्या कोबीचा रस रोज पिणे मात्र टाळावे.

बाजरीची गोष्ट थोडी निराळी. सुदानमधील दारफूर भागात बाजरी हेच मुख्य अन्न आहे आणि तेथे गलगंड फार. तेथील अभ्यासातून बाजरीच्या कोंड्याजवळील काही द्रव्ये थायरॉईडला अडथळा करतात व ती शिजवून नष्ट होत नाहीत असे दिसून आले. पण तेथे आयोडीनही कमीच होते. आपल्याकडे बाजरीबरोबर ज्वारी, तांदूळ, गहू, डाळी असतात. भाकरी सोडण्याऐवजी मीठ सुधारावे. बाजरीतले लोह आपल्या बायकांना हवे आहे. सोयाबीनबाबत एवढेच, की थायरॉईडची गोळी घेणाऱ्याने गोळी व सोयाबीनचे पदार्थ यांत काही तासांचे अंतर ठेवावे.

गोठ्यातून येणारे आयोडीन

दूध घेणाऱ्या शाकाहारी घरासाठी मिठानंतरचा मार्ग दुधाचा. दुधात आयोडीन किती, याचा एकच आकडा सांगता येत नाही, कारण ते जनावराच्या खाण्यावर अवलंबून असते. आरे वसाहत १९४९ मध्ये मुंबईतील तबेले शहराबाहेर एका ठिकाणी आणण्यासाठी उभी राहिली. तेथील म्हैस असो की गावच्या गोठ्यातील गाय, आयोडीन नसलेल्या कडब्यावर व पेंढ्यावर तिच्या दुधात आयोडीन उतरणार नाही. मोठ्या दुभत्या जनावरास रोज सुमारे ५० ग्रॅम चांगले खनिज मिश्रण दिल्यास इतर खनिजांबरोबर आयोडीनही मिळते. पिशवीवरील घटकांच्या यादीत आयोडीनचे नाव आहे ना, हे पाहून घ्यावे. जनावरांचे म्हणून मिळणारे जाडे मीठ आयोडीनयुक्त नसते. त्याने भूक वाढेल, आयोडीन वाढणार नाही.

जनावरांत तूट असेल तर ती गोठ्यात दिसते. करडे गळ्याशी गाठ घेऊन जन्मतात, वासरू अशक्त किंवा अंगावर केस नसलेले होते, जार पडण्यास वेळ लागतो, मृत पिले जन्मतात. शेळीपालकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण शेळ्यांत ही लक्षणे लवकर उमटतात. अर्थात यातील प्रत्येक लक्षणाला इतर कारणेही असतात, त्यामुळे पशुवैद्यकाला दाखवूनच निष्कर्ष काढावा. सुबाभळीच्या पाल्यात मायमोसीन हे द्रव्य असते, तेही पोटात गेल्यावर थायरॉईडला बाधते. म्हणून एकूण चाऱ्यात सुबाभूळ तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त ठेवू नये. कोबीचा टाकाऊ पाला किंवा मोहरीची पेंड भरपूर घालणाऱ्यांनी खनिज मिश्रणात खंड पडू देऊ नये.

अति तेथे मात्र माती

समुद्रशेवाळ हे आयोडीनचे शाकाहारी साधन म्हणून सुचवले जाते. शेवाळाच्या जातीनुसार त्यातील प्रमाण इतके बदलते, की मोजून खाणे घरी शक्य नाही. केल्प जातीच्या वाळल्या शेवाळाच्या एका ग्रॅममध्ये हजार-दोन हजार मायक्रोग्रॅम आयोडीन असू शकते. प्रौढाने रोज सुमारे १,००० मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ नये असे मानतात, युरोपातील मर्यादा तर ६०० आहे. जपानमधील होक्काइडो किनाऱ्यावर शेवाळ अति खाल्ल्याने गलगंड झाल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा केल्पच्या गोळ्यांच्या नादी लागू नये. मिठातून इतके आयोडीन पोटात जाण्याची शक्यता नाही, तेवढे मीठ कोणी खाऊच शकणार नाही.

शहरात आज घरटी एखादी थायरॉईडची गोळी दिसते, त्यामुळे आयोडीनयुक्त मिठानेच हा रोग आणला अशी कुजबुज ऐकू येते. प्रौढांतील थायरॉईड मंदावण्याच्या अनेक प्रकरणांत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. मीठ बदलून तो विकार बरा होत नाही, आणि गोळी बंद करणे तर धोक्याचे आहे. ज्यांना बरीच वर्षे गलगंड आहे त्यांनी मात्र आयोडीनची वेगळी औषधे घेण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

मीठ कसे घ्यावे, कसे ठेवावे?

पुडीवर 'आयोडीनयुक्त मीठ' असे शब्द, उत्पादनाची तारीख आणि परवाना क्रमांक पाहून घ्यावा. गावच्या बाजारात उघड्या पोत्यातील मीठ घेण्याचे टाळावे. दमट हवेत पोत्याला पाणी सुटते आणि त्याबरोबर आयोडीन झिरपून तळाशी उतरते किंवा बाहेर जाते. कोकणात व मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातल्या मिठालाही पाणी सुटते. म्हणून पावसाळ्यात मोठा साठा करू नये, एकेक पुडी आणावी. घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून व शेगडीपासून दूर, उन्हाबाहेर ठेवावे. ओला हात वा ओला चमचा घालू नये. जुन्या सवयीने मीठ धुऊन घेणे किंवा सुटलेले पाणी ओतून टाकणे म्हणजे आयोडीनच ओतून टाकणे होय. आमटी-भाजी उतरवण्याच्या सुमारास मीठ घातले तर नुकसान कमी होते. ज्या पदार्थात आधीच घालावे लागते तेथे घालावे, त्याचा बाऊ करू नये.

शंका असल्यास एक सोपी चाचणी आहे. कच्चा बटाटा कापून त्याच्या कापलेल्या बाजूवर मीठ पसरावे, मिनिटभर थांबून लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकावेत. निळसर रंग आला तर मिठात आयोडीन आहे. किती आहे हे मात्र यावरून कळत नाही, आणि रंग फिका आला वा आलाच नाही तर एकदा पुन्हा करून पाहावे. आरोग्य खात्याकडे मिठाच्या तपासणीची लहान बाटली असते. तिच्यातील द्रावणाचा थेंब मिठावर टाकून, उमटलेला जांभळा रंग सोबतच्या रंगपट्टीशी ताडून पाहतात, त्यामुळे प्रमाणाचा थोडा अधिक अंदाज येतो. गावात आशा कार्यकर्तीकडे, शहरात महापालिकेच्या आरोग्य केंद्रात याबद्दल विचारणा करावी. तपासणीस घरच्या बरणीतले चमचाभर मीठ न्यावे. दुकानातली नवी पुडी नेल्यास दुकानाची परीक्षा होईल, बरणीची होणार नाही.